विहिरीवरचे बंद पडलेले जुने डिझेल इंजिन : तपासणी व दुरुस्ती

मोट गेली आणि विहिरीवर डिझेल इंजिन आले, तो काळ साधारणपणे साठ-सत्तरच्या दशकांतील. पुढे शिवारात विजेच्या तारा आल्या, मोटारपंप बसले आणि इंजिन बाजूला पडले. आज अनेक वस्त्यांवर असे इंजिन पडक्या छपरात, नाहीतर बाभळीखाली गोणपाट टाकून ठेवलेले दिसते. भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो आणि घरातील कोणीतरी 'देऊन टाका' म्हणतो. परंतु हरभरा घाटे भरण्याच्या अवस्थेत असताना रोहित्र जळते, किंवा वीज नेमकी रात्रीच्या पाळीत येते, तेव्हा याच इंजिनाची आठवण होते. मग घाईघाईने टाकीत डिझेल ओतले जाते, दोघे-तिघे मिळून हँडल मारतात आणि जे इंजिन थोड्या खर्चात उभे राहिले असते त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉकच फुटतो.

शेतकरी बंधूंनो, बंद पडलेल्या इंजिनाचे खरे नुकसान ते पडून असताना जितके होते, त्यापेक्षा ते पुन्हा सुरू करण्याच्या पहिल्या तासात अधिक होते. म्हणून या लेखात सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीवर भर दिला आहे. पुष्कळशी तपासणी आपल्याला घरी, साध्या पान्यांनी करता येते. कोणते काम मिस्त्रीचे आणि कोणते लेथवरचे हेही त्यातून कळते.

आपल्याकडे दोन प्रकारची इंजिने जास्त आढळतात. एक जुन्या लिस्टर धर्तीचे, दोन मोठ्या चाकांचे, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारे, पट्ट्यावर पंप चालविणारे. दुसरे १५०० फेऱ्यांचे, आटोपशीर बांधणीचे. पाच अश्वशक्तीच्या किर्लोस्कर एव्ही-१ इंजिनात सिलिंडरचा व्यास ८० मि.मी. व पिस्टनची धाव ११० मि.मी. असते. तपासणीची तत्त्वे दोन्हींना सारखीच लागू पडतात. माप मात्र आपापल्या इंजिनाच्या पुस्तिकेतलेच धरावे. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून तिची प्रत मिळवावी. दुसऱ्या इंजिनाच्या आकड्यांवर काम करू नये.

आधी चौकशी, मग पाना

इंजिन चालू असताना बंद पडले होते की चांगले चालत असताना गरज संपली म्हणून ठेवले होते, हे घरातील जाणत्या माणसाला विचारून घ्यावे. चालता चालता मोठा आवाज होऊन बंद पडलेले इंजिन आणि नुसते ठेवून दिलेले इंजिन यांच्या दुरुस्तीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ठेवताना पाण्याच्या कप्प्यातील पाणी काढले होते काय? धुराड्याचे तोंड झाकले होते काय? उभ्या धुराड्यातून पावसाचे पाणी सरळ हेडमध्ये उतरते. त्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर ते पिस्टनच्या डोक्यावर साचते. हवेच्या फिल्टरमध्ये उंदीर घर करतात. पाईपच्या प्रत्येक उघड्या तोंडात कुंभारमाशी मातीचे घर बांधते. वर्षभर टिकेल असे पक्के काम ती करते आणि त्यातील चिमूटभर माती सिलिंडरमध्ये गेली तरी कानसाचे काम करते.

म्हणून पहिला नियम असा की हँडल लावू नये. बाहेरची माती, तेलकट थर ब्रश व डिझेलने धुऊन काढावा. मातीत माखलेले इंजिन उघडू नये. जुन्या हेड गॅस्केटमध्ये व धुराड्यावरच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे व धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

तेल काय सांगते

तपासणीची सुरुवात खालून करावी. चेंबरच्या तळाचा ड्रेन प्लग हळूहळू सैल करावा आणि खाली स्वच्छ घमेले ठेवावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व आधी बाहेर पडते. निवळ पाणी आले तर ते वरून, धुराड्यातून किंवा पाण्याच्या कप्प्यातून उतरलेले आहे असे समजावे. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर पाणी शिरलेल्या स्थितीत इंजिन चालविले गेले होते. अशा वेळी हेड गॅस्केट, लायनरच्या रबरी रिंगा व हेडमधील तडा या तिन्ही जागा संशयित ठरतात.

शेवटी येणारा गाळ टाकून देऊ नये. तो फडक्यावर पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारा कीस पोलादाचा किंवा बिडाचा, म्हणजे रिंगा, लायनर किंवा गिअरचा. न चिकटणारे पिवळसर कण बुशाचे. मऊ, चंदेरी, नखाने दबणारे पापुद्रे बेअरिंगच्या व्हाइट मेटलचे. असे पापुद्रे दिसले तर क्रँक उघडून पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करण्याचा विचारही करू नये. काढलेले तेल विहिरीच्या आसपास किंवा पाटात ओतू नये, डब्यात भरून ठेवावे.

यानंतर बाजूचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला धरून तो वर-खाली हलवावा. बाजूला सरकणे थोडे असतेच, ते चालते. उभ्या दिशेने मात्र टकटक जाणवता कामा नये. क्रँकपिनचा जेवढा भाग दिसतो त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर पिन घासलेली किंवा गंजाने खाल्लेली आहे, म्हणजे काम ग्राइंडिंगचे. नुसता भुरा गंज डिझेलच्या फडक्याने निघून जातो, त्याची भीती नाही.

जखडलेला पिस्टन सोडविणे

चाक हाताने फिरत नसेल तर पिस्टन जखडला असे गृहीत धरले जाते. प्रत्येक वेळी तसे नसते. पंप गंजून अडकलेला असतो आणि दोष इंजिनाला दिला जातो. म्हणून प्रथम पट्टा काढावा किंवा कपलिंग सोडवावे. नंतर रॉकर कव्हर उघडून दोन्ही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहावे. गंजून उघडा राहिलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून चाक फिरविले तर पिस्टन त्यावर आपटतो व पुशरॉड वाकतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडून, लाकडी मूठ ठोकून तो मोकळा करावा. जमत नसेल तर दोन्ही पुशरॉड काढून ठेवावेत.

आता नॉझल काढावे. त्याच्या भोकातून निम्मे डिझेल व निम्मे इंजिन ऑइल यांचे मिश्रण साधारण अर्धा पेला आत सोडावे व भोकाला स्वच्छ फडके लावावे. मग वाट पाहावी. चार दिवस, आठ दिवस, गरज पडल्यास पंधरा दिवस. हा या कामातील सर्वांत स्वस्त भाग आहे आणि नेमकी इथेच घाई केली जाते. रोज थोडे मिश्रण घालावे. चाकावर खडूची रेघ ओढावी आणि दोघांनी दोन्ही हातांनी चाक पुढे-मागे हलवून पाहावे. रेघ एक बोटभर सरकली तरी काम झाले असे समजावे. तेवढ्याच अंतरात मागे-पुढे करीत राहावे, एकदम पूर्ण फेरा घेऊ नये. गंजाची कडी त्या हालचालीत हळूहळू सुटते.

चाकाच्या आऱ्यात पहार घालून जोर लावणारे मिस्त्री अजूनही भेटतात. चाक बिडाचे असते. बीड वाकत नाही, तुटते. तडा गेलेले चाक नंतर पूर्ण वेगात फुटले तर त्याचे तुकडे भिंत भेदून जातात. पिस्टनवर वरून घण घालणे हाही असाच प्रकार आहे.

पहिला पूर्ण फेरा घेताना नॉझल काढलेलेच असावे. तेलासारखा द्रव दाबला जात नाही. तो सिलिंडरमध्ये असताना सगळी भोके बंद करून हँडल मारले तर जोर कनेक्टिंग रॉडवर येतो व रॉड वाकतो. नॉझल काढलेले असेल तर द्रव पिचकारीसारखा बाहेर उडतो, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. मुरविलेले डिझेल खाली चेंबरमध्येही उतरते. त्यामुळे पिस्टन सुटल्यावर चेंबर पुन्हा पूर्ण रिकामा करणे आवश्यक आहे.

पंधरा दिवसांतही हालचाल नसेल तर हेड काढावे. पिस्टन खाली असताना पाणी वर साचले असेल तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची कडी दिसते. ती बारीक पॉलिश पेपर व तेलाने साफ करून, लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देऊन पिस्टन हलवावा. गंजाने भिंतीवर नख अडकेल असे खड्डे पाडले असतील तर नवीन लायनर किंवा बोअरिंग याला पर्याय नाही.

दाब महत्त्वाचा का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या उष्णतेवर डिझेलचे तुषार पेट घेतात. ८० मि.मी. व्यासाच्या व ११० मि.मी. धावेच्या सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ५५३ घन सें.मी. जागेतून जातो. अशा इंजिनात दाबाचे प्रमाण १६.५ ला १ असते. म्हणजे वर दाबल्यावर हवेला जेमतेम ३६ घन सें.मी. जागा उरते, चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. एखादी रिंग खाचेत चिकटलेली असली किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला तर हवा निसटते, उष्णता पुरेशी होत नाही आणि कितीही हँडल मारले तरी पांढऱ्या धुरापलीकडे काही मिळत नाही. 'नॉझल खराब आहे' म्हणून नवीन नॉझल आणले जाते. दोष मात्र रिंगांचा असतो.

झीज मोजण्याची एक सोपी रीत आहे. तिला महागडे माप लागत नाही, फक्त फिलर गेज लागते. पिस्टन बाहेर काढल्यावर वरची रिंग सुटी करावी. ती सिलिंडरच्या अगदी खालच्या भागात, जेथे रिंग कधी घासत नाही तेथे, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवावी व तिच्या दोन टोकांतील फट मोजावी. मग तीच रिंग वर, कडेपासून एक-दीड सें.मी. खाली, जेथे सर्वाधिक झीज होते तेथे बसवून फट मोजावी. दोन फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. समजा, खाली फट ०.४० मि.मी. व वर १.०३ मि.मी. आली. फरक ०.६३ म्हणजे झीज ०.२० मि.मी. झाली. एवढी झीज या आकाराच्या इंजिनाला जास्त आहे आणि नुसत्या नवीन रिंगांवर काम भागणार नाही. फरक ०.२० मि.मी. च्या आसपास असेल, म्हणजे झीज सहा-सात शतांश मि.मी. असेल, तर रिंगा बदलून इंजिन आणखी काही हंगाम काढते. यातील मोठी सोय अशी की रिंग जुनी असली तरी चालते, कारण आपण फक्त फरक पाहतो. सिलिंडरच्या वरच्या कडेला बोटाला लागणारा उंचवटा तयार झाला असेल तर तो काढल्याशिवाय नवीन रिंगा टाकू नयेत. नवीन रिंग त्यावर आपटून तुटते.

हेडमधील काम सोपे आहे. व्हॉल्व्ह त्याच्या त्याच्या सीटवर पेस्ट लावून घासावेत, पूर्ण वर्तुळात राखी रंगाची एकसारखी कडी दिसली पाहिजे. नंतर पेस्ट पूर्ण धुऊन, व्हॉल्व्ह बसवून, पोर्टमध्ये डिझेल ओतावे. पाच मिनिटांत सीटपाशी ओल दिसली नाही तर काम उत्तम झाले. सिलिंडरखालच्या व फ्युएल पंपाखालच्या पातळ पत्र्याच्या शिमा जितक्या निघतील तितक्याच परत घालाव्यात. सिलिंडरखालच्या शिमांवर पिस्टन व हेड यांतील अंतर अवलंबून असते, तर पंपाखालच्या शिमांवर डिझेल उडण्याची वेळ. 'एक राहिली तर काय बिघडते' म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावे. गिअर उघडण्याची वेळ आली तर दातांवरच्या खुणा जुळतात का ते आधी पाहून ठेवावे.

कनेक्टिंग रॉड एकदा उघडला की त्याचे दोन बोल्ट व नट नवीनच घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संपूर्ण दुरुस्तीच्या खर्चात त्यांची किंमत नगण्य असते आणि जुना ताणलेला बोल्ट चालत्या इंजिनात तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पाण्याचा कप्पा

आपल्याकडील अनेक विहिरींचे पाणी जड असते. वर्षानुवर्षे ते इंजिनातून फिरल्याने आत क्षारांचा थर बसतो. बिडातून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या मानाने या थरातून फारच थोडी जाते. हेड तेथेच तापते व चिरते. कप्प्याचे झाकण काढून वाकविलेल्या सळईने थर खरवडावा, नंतर धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी भरून रात्रभर ठेवावे व धुऊन टाकावे. तेजाब ओतण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. पुरेशी माहिती नसताना ते करू नये. थराबरोबर धातूही खाल्ला जातो आणि वाफा घशाला बाधतात.

उलट दिशेची चूकही सर्रास होते. पंपाच्या डिलिव्हरीतून थेट थंड पाणी इंजिनाला जोडले जाते आणि शेतकरी बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घालून 'इंजिन थंड आहे' म्हणून समाधान मानतो. अति थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते व लायनर लवकर झिजतो. आत जाणाऱ्या पाण्यावर कॉक बसवून ते असे ठेवावे की बाहेर पडणारे पाणी ६० अंशांच्या आसपास, म्हणजे हात लावताच मागे घ्यावा लागेल इतके गरम असावे. मात्र तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी सोडू नये. ब्लॉक चिरण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

डिझेल, पंप आणि नॉझल

टाकीतील जुने डिझेल वापरू नये. तळाशी पाणी व चिकट गाळ असतो. टाकी सोडवून, आत थोडे डिझेल व मूठभर लहान नट टाकून हलवावी, म्हणजे गंज सुटतो. ती दोन-तीन वेळा धुवावी, नट मोजून बाहेर काढावेत. फिल्टर नवीन घालावा.

फ्युएल पंपातील प्लंजर व त्याचा बॅरल, तसेच नॉझलची सुई व तिची बॉडी या जोड्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी फटीने जुळविलेल्या असतात. एकीची सुई दुसरीत घालू नये, त्यांना पॉलिश पेपर लावू नये, सुती फडक्याने पुसू नये. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून मोकळ्या होतात का ते पाहावे. न झाल्यास पंप-नॉझल तपासणाऱ्या कारखान्यात द्यावे.

नॉझल बाहेर पाईपला जोडून चाक फिरविल्यास फवारा पाहता येतो. धुक्यासारखे तुषार व करकर असा आवाज आला तर नॉझल चांगले. धार पडली किंवा टोकाला थेंब लोंबत राहिला तर खराब. हे पाहताना हात फवाऱ्यासमोर कदापि नेऊ नये. लहान हायस्पीड इंजिनात नॉझल दर चौ. सें.मी. ला १८० ते २०० किलोच्या आसपास दाबाने उघडते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधील हवा किलो-सव्वा किलोची असते, यावरून कल्पना यावी. या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. वरून काटा टोचल्याएवढी खूण दिसते व सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून लोक हळद लावून गप्प बसतात. आतील मांस मात्र सडू लागते. असे झाले तर त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे व 'डिझेल दाबाने आत गेले आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आणखी एक तपासणी सहसा केली जात नाही, ती म्हणजे पंपाच्या रॅकची. ही पट्टी पुढे-मागे सरकून डिझेल कमी-जास्त करते व गव्हर्नर तिला हलवितो. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने ती पूर्ण डिझेलच्या जागी चिकटून बसते. अशा स्थितीत इंजिन सुरू झाले तर वेग वाढतच जातो, थांबत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी रॅक बोटाने सहज सरकते, सोडल्यावर स्प्रिंगने परत येते आणि बंद करण्याच्या खटक्याला पूर्ण मागे जाते याची खात्री करावी. शिवाय हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी सपाट लाकडी फळी जवळ ठेवावी. वेग आवरेनासा झाला तर हवा बंद करणे हाच हमखास उपाय आहे. डिझेलचा कॉक बंद केल्यावर पाईपमधील डिझेल संपेपर्यंत इंजिन पळतच राहते. हाताने किंवा उपरण्याने तोंड दाबू नये, ते आत ओढले जाते.

पहिल्यांदा सुरू करताना

चेंबरमध्ये पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे नवीन तेल खुणेपर्यंत भरावे. बहुतेक जुन्या इंजिनांना एसएई ३० चालते. रॉकरवर, पुशरॉडच्या टोकांवर, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेलाच्या डब्याने तेल सोडावे. फ्लायव्हीलची चावी घट्ट आहे का ते पाहावे. सैल चावीचा ठोका हुबेहूब बेअरिंगच्या ठोक्यासारखा येतो आणि नाहक इंजिन उघडले जाते. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून, डिझेल बंद ठेवून, चाक पन्नास-साठ फेरे फिरवावे म्हणजे तेल सगळीकडे पोहोचते. मग डिझेल सोडून हवा काढावी. आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाचा, शेवटी नॉझलकडील नट, या क्रमाने बुडबुडे थांबेपर्यंत.

हँडलची मूठ धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिन उलटे मारले तर हँडल हातातून सुटते. अंगठ्याने घट्ट वळसा घातलेला असेल तर मनगट मोडते. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातील मफलर पट्ट्यापासून दूर ठेवावा. इंजिन नेट धरत नसेल तर हवेच्या तोंडातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहावे. रिंगांभोवती तेल बसून दाब वाढतो. पाण्याच्या कप्प्यात कोमट पाणी घातल्यानेही मदत होते. पेट्रोल मात्र हवेच्या तोंडात सोडू नये.

सुरू झाल्यावर दहा मिनिटे बिनभाराचे चालवून बंद करावे. बाजूचे झाकण काही वेळ उघडू नये, आत तेलाची तप्त वाफ असते. निवल्यावर बेअरिंगच्या जागा हाताने तपासाव्यात, हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत, टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावावी. रिंगा किंवा लायनर नवीन असतील तर पहिले दहा तास हलक्या भारावर व पुढील पंचवीस तास निम्म्या भारावर काढावेत. सेंट्रिफ्यूगल पंप असल्यास डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद ठेवला की भार कमी होतो. पहिले तेल पंचवीस तासांनी बदलावे.

काही वेळाने धूर पाहावा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता जात आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे भार जास्त, नॉझल खराब किंवा हवेचा फिल्टर चोंदलेला.

विहिरीच्या आत इंजिन नको

पाणी खाली गेले की इंजिन विहिरीतील टप्प्यावर उतरविण्याची पद्धत आहे. कारण उघड आहे. पंप पाणी तत्त्वतः १०.३ मीटरपर्यंतच ओढू शकतो आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे काम बिघडते. परंतु इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साचून राहतो आणि खाली उतरलेला माणूस ओरडण्याआधी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, अशा रीतीने एकाच घरातील माणसे गेल्याच्या घटना आपल्या राज्यातही घडल्या आहेत. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगाची नाही. प्राणवायू असेपर्यंत कंदील जळत राहतो, आणि माणूस मारण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो विझत नाही. इंजिन आत ठेवू नये. पाणी खोल असेल तर वीज असताना पाणी वर टाकीत किंवा शेततळ्यात साठवून इंजिन तेथून पाणी देण्यासाठी वापरावे. कोणी आत कोसळले तर दोर, अग्निशमन दल व श्वसनाचे साधन येईपर्यंत कोणालाही उतरू देऊ नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

दुरुस्त करावे की विकावे?

क्रँकशाफ्ट घासलेली, लायनर खड्डे पडलेला आणि ब्लॉकला तडा, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर इंजिन विकावे. यांपैकी एकच असेल तर सुट्या भागांचे व लेथचे दर लेखी घेऊन नवीन इंजिनाच्या किमतीशी तुलना करावी. खर्च निम्म्याच्या वर जात असेल तर मोह टाळावा. वर्षातून पंधरा-वीस दिवसच लागणारे इंजिन आणि रोज लागणारे इंजिन यांचा हिशेबही वेगळा असतो. रोज लागणार असेल तर आज वीज किंवा सौर पंपच परवडतो.

दुरुस्तीनंतर डिझेलचा खप जरूर मोजावा. टाकी बंद करून एक लिटरच्या मापाच्या बाटलीतून इंजिन चालवावे व घड्याळ लावावे. सुस्थितीतील लहान इंजिन ताशी दर अश्वशक्तीला साधारण २०० ग्रॅम डिझेल खाते. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या पूर्ण भाराला ताशी एक किलो, अर्थात सुमारे १.२ लिटर. एक लिटर पन्नास मिनिटे पुरले तर उत्तम. पस्तीस मिनिटांतच संपले तर इंजिनाबरोबर पंपही तपासावा. चोंदलेला फूट व्हॉल्व्ह, अरुंद पाईप व नको तितके बाक डिझेल खातात आणि बदनाम इंजिन होते.

काम संपल्यावर पाण्याचा कप्पा पूर्ण रिकामा करावा, जुने तेल काढून नवीन भरावे, नॉझलच्या भोकातून चार चमचे तेल सोडून चाक दोन-तीन फेरे फिरवावे व नॉझल बसवावे. शेवटी चाक अशा जागी थांबवावे की दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील, म्हणजे दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. धुराड्यावर डबा उपडा घालून तारेने बांधावा, हवेच्या तोंडाला जाड कापड लावावे आणि दर महिन्याला एकदा चाक हाताने फिरवून पुन्हा त्याच जागी आणून ठेवावे.